उडी सगळ्यांना माहीत, पत्र कुणालाच नाही

बसमध्ये दांडी धरून उभे राहून ऐकणाऱ्यांना आधी नमस्कार, बसायला जागा मिळालेल्यांना नंतर.

मागच्या भागात बोलता बोलता मी डिएगो गार्सिया नावाच्या बेटाचा उल्लेख केला आणि पुढे निघून गेलो. त्यावर लातूरच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांचं म्हणणं असं की दादा, सीआयएची विमानं, गुपचूप उचललेले कैदी, मित्रदेशांचे विमानतळ, हे सगळं ओटीटीवर बघून झालं. आपल्याकडचं असं काही आहे का? ताई, आहे. आपल्याकडचं तर त्यांच्या नव्वद वर्षं आधीचं आहे. फक्त तेव्हा विमान नव्हतं, जहाज होतं.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी आधी दोन मिनिटं. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेच्या सीआयएने जगभरातून संशयित उचलले. कोर्ट नाही, वकील नाही, प्रत्यर्पणाची कागदपत्रं नाहीत. माणसाला भाड्याच्या खाजगी जेटमध्ये घालायचं आणि जिथे मारहाण करून चौकशी करता येते अशा ठिकाणी पोचवायचं. पण जेटला इंधन लागतं, उतरायला धावपट्टी लागते, आणि ती असते दुसऱ्याच्या देशात. मग पुढे प्रकरण फुटलं की त्या दुसऱ्या देशाच्या संसदेत एकच प्रश्न उभा राहतो. तुम्हाला माहीत होतं का?

हा प्रश्न नीट, कोर्टात बसून विचारला गेला तो एका मराठी माणसाच्या बाबतीत. विनायक दामोदर सावरकर. आता थांबा, लगेच कमेंट टाइप करायला घेऊ नका. सावरकरांबद्दल तुमचं मत काहीही असो, माझंही काही आहे, ते आज खिशात ठेवू. आज ते फक्त एक कैदी आहेत, ज्याला एका देशातून दुसऱ्या देशात नेताना वाटेत तिसरा देश लागतो.

उडी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात निळी साडी आडवी धरून समुद्र केलेला असतो आणि सातवीतला एखादा पोरगा टेबलावरून उडी मारतो, ती उडी. पण या प्रकरणाचा निकाल उडीवर लागला नाही, एका पत्रावर लागला. उडीच्या नऊ दिवस आधी लिहिलेल्या पत्रावर. आणि ते पत्र कुठल्याच स्नेहसंमेलनात नसतं.

सुरुवातीपासून बघू. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. वापरलेलं पिस्तूल लंडनहून आलेल्या पिस्तुलांपैकी होतं. १३ मार्च १९१० ला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर सावरकरांना अटक झाली. त्यांना मुंबईला आणून खटला चालवायचा ठरलं. १ जुलैला ‘मोरिया’ नावाची बोट त्यांना घेऊन इंग्लंडहून निघाली. ती वाटेत फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरात थांबणार होती.

आता पत्र. २९ जून १९१० ला, म्हणजे बोट सुटायच्या दोन दिवस आधी, लंडन पोलिसांचे प्रमुख पॅरिसमधल्या सुरक्षा पोलिसांच्या संचालकांना कळवतात की सावरकर नावाच्या ब्रिटिश हिंदी प्रजाजनाला खटल्यासाठी हिंदुस्थानात पाठवतोय, तो ‘मोरिया’वर असेल, बोट ७ किंवा ८ जुलैला मार्सेलिसला लागेल. झालं. राजदूत नाही, परराष्ट्रमंत्री नाही, करार नाही. एका पोलीसप्रमुखाचं दुसऱ्या पोलीसप्रमुखाला पत्र. आपल्याकडे एका जिल्ह्याचा एसपी दुसऱ्या जिल्ह्याच्या एसपीला ‘आमचा आरोपी तुमच्या हद्दीतून चाललाय, लक्ष ठेवा’ म्हणून फोन करतो, तितकं साधं.

पॅरिसने ते गांभीर्याने घेतलं. ४ जुलैला गृहखात्याची तार मार्सेलिसच्या प्रीफेक्टला गेली. प्रीफेक्ट म्हणजे साधारण आपला कलेक्टर समजा. तारेत म्हटलं होतं की युरोपात असलेले काही हिंदी क्रांतिकारक या माणसाला पळवून न्यायचा प्रयत्न करतील, तसं होऊ नये म्हणून उपाय करा.

७ तारखेला बोट मार्सेलिसला लागली. ८ जुलैला सकाळी सहा-सातच्या दरम्यान सावरकर पोर्टहोलमधून बाहेर पडले, पाण्यात पडले, पोहून धक्क्यावर चढले आणि पळत सुटले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका ब्रिगेडियरने त्यांना पकडलं. हुद्द्याचं नाव ऐकून फसू नका, आपल्याकडच्या हवालदाराच्या आसपासचा माणूस. त्याचा जबाब पुढे कोर्टाच्या निकालात आला. जवळजवळ उघडा माणूस बोटीतून पाण्यात पडताना त्याने बघितला. बोटीवरून लोक ओरडत, हातवारे करत मागे धावले. धक्क्यावरचे लोक ‘पकडा, पकडा’ ओरडत होते. त्याने पाचशे मीटर पळून माणूस गाठला. त्याला वाटलं, बोटीवरचा खलाशी काहीतरी करून पळतोय. बोटीवरच्या तिघांच्या मदतीने त्याने त्याला परत बोटीवर सोडलं.

इथे जरा थांबतो, कारण सीमा ओलांडणं म्हणजे काय हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या वेळी हदगावकडून पैनगंगा ओलांडली की निजामाची हद्द संपायची. पलीकडे उमरखेडला कार्यकर्त्यांचा कॅम्प होता. इकडे निजामाचे पोलीस आणि रझाकार, तिकडे मोकळा श्वास, मधे एक नदी. पलीकडच्या काठावरून माणूस परत हवा असेल तर पलीकडच्या सरकारला मागावा लागणार. सावरकरांचा हिशोबही हाच होता. फ्रान्सच्या जमिनीवर पाय टेकला की ब्रिटिश पोलिसाचा अधिकार संपतो. मग त्यांना फ्रान्सकडे रीतसर प्रत्यर्पण मागावं लागेल, आणि राजकीय आरोपीला फ्रान्स सहजासहजी देत नव्हता. कायद्याच्या दृष्टीने हिशोब बरोबर होता. त्या पत्राची कल्पना त्यांना असायचं कारण नव्हतं.

९ जुलैला ‘मोरिया’ मार्सेलिसहून सुटली. आणि त्याच ९ जुलैच्या तारखेचं पॅरिसचं लंडनला उत्तर आहे. मजकूर असा की सदर सावरकर मार्सेलिसला असेपर्यंत काही घटना घडू नये म्हणून आवश्यक त्या सूचना दिल्या आहेत. घटना आदल्या दिवशी घडून गेली होती! बंदरातलं पॅरिसला पोचलं नव्हतं, की पोचूनही जुनाच मसुदा टपालात पडला, देव जाणे. मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, रात्री सिस्टम बंद पडली की सकाळी सगळे वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, आणि शेवटी आम्ही लॉग उघडतो. कोणी कोणाला काय, किती वाजता पाठवलं. म्हणून या दोन तारखा मी वाचल्या तेव्हा चहा तसाच राहिला.

पुढे फ्रान्समध्ये गोंधळ उडाला. समाजवादी नेते जाँ जोरेस यांचं ‘ल्युमानिते’ हे वर्तमानपत्र आणि मार्क्सचा नातू जाँ लाँगे हे मागे लागले. पॅरिसमध्ये मादाम कामा होत्याच. मुद्दा सावरकरांच्या विचारांचा नव्हता. फ्रान्सच्या भूमीवर आश्रयाला आलेला माणूस परक्या पोलिसांच्या हाती दिला, म्हणजे प्रजासत्ताकाचं नाक कापलं गेलं, हा होता. फ्रेंच सरकारने लंडनकडे कैदी परत मागितला. लंडनने दिला नाही. पण भांडण वाढवणंही दोघांना परवडणारं नव्हतं. १९०४ मध्येच त्यांची दोस्ती झाली होती आणि समोर जर्मनी उभा होता. मग दोस्त जे करतात ते त्यांनी केलं, प्रकरण तिसऱ्याकडे दिलं. २५ ऑक्टोबर १९१० ला करार झाला आणि वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात गेला.

तोपर्यंत सावरकर २२ जुलैलाच मुंबईत पोचले होते. आता तुम्हाला वाटेल, माणूस कायदेशीरपणे ताब्यात आहे की नाही हे हेगमध्ये ठरायचंय, तर मुंबईचा खटला थांबला असेल. नाही थांबला. मुंबईच्या विशेष न्यायाधिकरणाचं मत असं की आरोपी आमच्यासमोर कसा आला याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही, आलाय ना, मग चालवू. २४ डिसेंबर १९१० ला पहिली जन्मठेप. ३० जानेवारी १९११ ला दुसरी. हेगमधली सुनावणी सुरू झाली १४ फेब्रुवारीला. आधी पन्नास वर्षांची शिक्षा, मग माणूस ताब्यात ठेवायचा अधिकार आहे का याची चर्चा.

आणि हेगमध्ये सावरकर पक्षकार नव्हतेच. खटला फ्रान्स विरुद्ध ब्रिटन असा. ज्याचं आयुष्य पणाला लागलंय त्याला तिथे तोंड उघडायला जागा नव्हती.

पाच लवाद होते: बेल्जियमचे माजी पंतप्रधान अध्यक्ष, एक फ्रेंच, एक इंग्रज, एक नॉर्वेचे, एक हॉलंडचे. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल. तो वाचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, मराठीत ज्यावर इतकं लिहिलं गेलंय तो मूळ कागद इतका छोटा आहे. निकाल म्हणतो की अटक करण्यात आणि ब्रिटिश पोलिसांच्या हवाली करण्यात अनियमितता झाली, मान्य. पण ब्रिटिशांनी फसवून किंवा बळजबरीने नेलेलं नाही. दोन्ही देशांच्या पोलिसांमध्ये आधीच पत्रव्यवहार झाला होता, सहकार्य ठरलं होतं. बोटीवरच्या ब्रिटिश पोलिसांना वाटणं साहजिक होतं की हवालदार वरच्या सूचनेप्रमाणेच वागतोय. शिवाय ९ तारखेला बोट सुटेपर्यंत हवालदाराच्या कोणाही वरिष्ठाने ‘हे चुकलं’ असं म्हटलं नाही. तेव्हा परक्या हवालदाराच्या चुकीसाठी ब्रिटनने कैदी परत करावा असा आंतरराष्ट्रीय कायद्यात कुठलाही नियम नाही.

हवालदाराला पत्राबद्दल काही माहीत नव्हतं. त्याच्या दृष्टीने तो खलाशी पकडत होता. तरीही पत्राचा फायदा ब्रिटनला मिळाला. मला या निकालात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. फ्रान्सने ‘कोणी बाहेरून पळवून नेऊ नये’ एवढ्यापुरती मदत कबूल केली होती, ‘तो आमच्या जमिनीवर आला तर परत देऊ’ असं कुठेही लिहिलं नव्हतं. पण एकदा गुपचूप मदतीचं पत्र गेलं की नंतर ‘आमचा अपमान झाला’ म्हणायला तोंड राहत नाही. फ्रान्स हरला तो स्वतःच्या गृहखात्याच्या तारेमुळे.

एक भाबडी समजूतही काढून टाकू. निकालानंतर तीनच दिवसांनी फ्रान्सचे पंतप्रधान ब्रियां यांनी राजीनामा दिला, आणि त्याचं श्रेय आपल्याकडे कधी कधी सावरकर प्रकरणाला दिलं जातं. मला हे पटत नाही. त्यांचं सरकार घरच्याच वादांनी, विशेषतः धार्मिक संस्थांच्या प्रश्नावरून, खिळखिळं झालेलं होतं. तारखा शेजारी शेजारी आहेत म्हणून एक दुसऱ्याचं कारण होत नाही. हेगच्या निकालाची ताकद वेगळी आहे. परदेशातून वाकड्या वाटेने आणलेल्या आरोपीचं काय करायचं, या चर्चेत कायद्याच्या अभ्यासकांना आजही हे प्रकरण घ्यावं लागतं.

आता डिएगो गार्सिया. हिंदी महासागरातलं बेट, भारताच्या टोकापासून साधारण १,८०० किलोमीटर दक्षिणेला. मालकी सांगणार ब्रिटन, तळ अमेरिकेचा. म्हणजे १९१० चं गणित उलटं: या वेळी ब्रिटन फ्रान्सच्या जागी. सीआयएची विमानं इथे उतरतात अशा बातम्या येत राहिल्या आणि टोनी ब्लेअर, जॅक स्ट्रॉ यांचं सरकार सांगत राहिलं की अमेरिकेने आम्हाला खात्री दिलीय, असं काही नाही. मग २१ फेब्रुवारी २००८ ला परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांना संसदेत उभं राहून माफी मागावी लागली. २००२ मध्ये दोन विमानं उतरली होती, प्रत्येकात एक कैदी. अमेरिकेने हे आत्ता, आठवड्यापूर्वी कळवलं म्हणे.

मग खासदारांनी त्या वर्षाच्या विमानांच्या नोंदी मागितल्या. जुलै २०१४ मध्ये मंत्र्यांचं लेखी उत्तर आलं की २००२ च्या काही नोंदी आहेत, पण पाण्याने भिजल्यामुळे अपूर्ण आहेत. तलाठी ऑफिसात कधी फेरफारासाठी चकरा मारल्या असतील तर हे वाक्य तुम्हाला ओळखीचं वाटेल. आठवड्याभरात सरकारने सुधारणा केली: कागद वाळवलेत, काही गेलेलं नाही.

गंमत बघा, ही विमानं उघडी पडायला मदत कोणी केली, तर छंदिष्ट लोकांनी. विमानतळाच्या कुंपणाबाहेर दुर्बिणी घेऊन बसणारे, विमानाच्या शेपटीवरचा नंबर वहीत टिपणारे. एन ३७९ पी नावाचं एक जेट असंच कुप्रसिद्ध झालं. डिसेंबर २००१ मध्ये स्वीडनमधून दोन इजिप्शियन माणसांना नेलं ते याच विमानाने. नंतर त्याचा नंबर दोनदा बदलला, तरी वह्यांनी ते पकडलं. आज तुम्ही नांदेडवरून जाणाऱ्या विमानाचा नंबर फोनवर बघता ना, त्याच छंदाची ही पुढची पिढी.

पण विमानाचा नंबर एवढंच सांगतो की विमान आलं. त्या देशाला माहीत होतं का, हे सांगायला पुन्हा पत्रच लागतं. आणि एकदा ते सापडलंही. २०११ मध्ये लिबियात गद्दाफीची सत्ता कोसळली आणि त्रिपोलीतल्या गुप्तचर प्रमुखाच्या ऑफिसात कागदांचे ढीग उघडे पडले. त्यात मार्च २००४ चं ब्रिटिश गुप्तचर खात्याकडून आलेलं पत्र होतं. गद्दाफीचे विरोधक अब्देल हकीम बेलहाज आणि त्यांची गरोदर पत्नी फातिमा बुदशार यांना बँकॉकमधून उचलून त्रिपोलीला नेलं होतं. पत्रात त्याबद्दल अभिनंदन होतं आणि बेलहाज यांचा उल्लेख विमानाने आलेला माल असा होता. आधी सरकारने कोर्टात सगळ्या पळवाटा वापरून बघितल्या. शेवटी १० मे २०१८ ला ब्रिटनच्या संसदेत पंतप्रधान थेरेसा मे यांचं माफीपत्र वाचलं गेलं. बुदशार बाई प्रेक्षक सज्जात बसून ऐकत होत्या. १९१० मध्ये पोलिसांच्या पत्राने कैदी हरला होता, इथे गुप्तचरांच्या पत्राने कैदी जिंकले. फरक इतकाच की हे पत्र चुकून कैद्यांच्या बाजूला मिळालं.

आता ताईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो त्यांनी विचारला नाही. आपण कधी फ्रान्सच्या जागी होतो का?

लंडनमध्ये ते माफीपत्र वाचलं जाण्याच्या दोन महिने आधी, ४ मार्च २०१८ ला, गोव्याच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, आंतरराष्ट्रीय समुद्रात ‘नोस्ट्रोमो’ नावाच्या यॉटवर सशस्त्र जवान चढले. यॉटवर दुबईच्या शासकांची मुलगी शेखा लतीफा होती. घरातून पळून ती भारताकडे निघाली होती. तिला परत नेण्यात आलं. लंडनच्या हायकोर्टाच्या कौटुंबिक विभागाने दुसऱ्या एका प्रकरणात या घटनेची तपासणी केली. मार्च २०२० मध्ये जाहीर झालेल्या त्या निकालात तिला बळजबरीने परत नेल्याचं आणि त्यात भारतीय दलांचा सहभाग असल्याचं म्हटलंय. दुबईच्या शासकांचं म्हणणं, ती सुटकेची कारवाई होती. त्याच वर्षी ४ डिसेंबरला ऑगस्टा वेस्टलँड प्रकरणातला आरोपी ख्रिश्चियन मिशेल याला यूएईने भारताच्या हवाली केलं. संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी स्थानबद्धतेवरच्या कार्यगटाने ही एक प्रकारची अदलाबदल होती असं मत दिलं. ते फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलं आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने ते एकांगी, तोकड्या माहितीवरचं म्हणून फेटाळलं.

कोण खरं, हे मी इथे नांदेडात माइकसमोर बसून ठरवू शकत नाही. पण मार्सेलिसवाल्यांनी विचारलं तेच मी विचारू शकतो. ४ मार्चच्या आधी कोणी कोणाला काय लिहिलं होतं? फ्रान्सच्या बाबतीत आपल्याला २९ जूनचं पत्र माहीत आहे, ४ जुलैची तार माहीत आहे, ९ जुलैचं उत्तर माहीत आहे, कारण दोन सरकारं भांडली आणि कागद हेगच्या टेबलावर आले. गोव्याच्या वेळी दोन्ही सरकारं एकाच बाजूला आहेत, त्यामुळे कागद टेबलावर आणणारं कोणी नाही. फ्रान्समध्ये जोरेस होते. आपल्या संसदेत हा विषय घेऊन सरकारला घाम फोडणारं कोणी मला दिसलं नाही. लतीफाच्या नावाने चार दिवस मीम्स फिरले आणि संपलं.

माहिती अधिकारात अर्ज करा असं तुमच्यातले काही जण म्हणतील, म्हणून कायदा उघडून ठेवलाय. कलम ८ मध्ये दोन कुलपं आहेत. एक, परदेशी सरकारकडून विश्वासाने मिळालेली माहिती द्यायची नाही. दुसरं, परराष्ट्र संबंधांना बाधा येईल अशी माहिती द्यायची नाही. त्याच कलमाचं तिसरं पोटकलम म्हणतं की घटनेला वीस वर्षं झाली की बहुतेक कुलपं निघतात. म्हणजे पहिलं कुलूप ४ मार्च २०३८ नंतर निघेल. तेव्हा मी चाळिशीत असेन, तुमच्यातले बरेच जण तिशीत. दुसऱ्या कुलपाला मात्र वीस वर्षांची मुदत लागू नाही.

ताई, अर्जाचं शुल्क सध्या दहा रुपये आहे. तोवर वाढलं तर मी भरतो.